जिम, तालीम, योगवर्ग की घरचा हॉल? मोठ्या माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गेली पंचवीस वर्षं मी कुठल्या ना कुठल्या छताखाली व्यायाम करतो आहे. आधी गल्लीतल्या मंडळाची व्यायामशाळा, मग दोन जिम, मधली काही वर्षं योगवर्ग, करोनात घरचा हॉल आणि आता पुन्हा व्यायामशाळा. ओळखीतली माणसं चाळिशी-पन्नाशीला आली, डॉक्टरांनी साखर किंवा बीपी दाखवून कान उपटले, की फोन येतो: "अरे, कुठे जाऊ?" दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून हे नीट लिहून ठेवलं.

सगळ्यात आधी काय बघू?

रस्ता. यंत्रं किती, आरसे किती, एसी आहे का, हे सगळं नंतर. जुलैतल्या धो धो पावसात, ऑफिसातून निघायला उशीर झालेल्या दिवशी, पोटात भूक असताना तुम्ही जिथे जाल ती तुमची जागा. एरवी उत्साहात माणूस कुठेही जातो.

त्यामुळे जागा तुमच्या रोजच्या वाटेवर हवी. घर आणि ऑफिसच्या मधे, नाहीतर भाजी आणायला जाता त्या चौकात. जी जागा उलट्या दिशेला आहे ती कितीही झकपक असली तरी महिना-दोन महिन्यांत सुटते, हे मी स्वतःच्या आणि निदान वीसेक ओळखीच्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. माझं माप असं: चालत दहा मिनिटं, किंवा दुचाकीनं गाडी लावण्यासकट पंधरा मिनिटं. हे अंतर मोजायचं ते ज्या वेळी जाणार त्याच वेळी. रविवारी सकाळी सिंहगड रस्ता पाच मिनिटांत ओलांडता येतो. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला तोच रस्ता वेगळा असतो.

आठवड्याला किती व्यायाम पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पासष्टीच्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. मध्यम दम म्हणजे शेजारच्याशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत.

जागा निवडताना हे आकडे उपयोगी पडतात. दम, ताकद आणि तोल ही तिन्ही कामं एका छताखाली होतीलच असं नाही. नुसता ट्रेडमिल असलेल्या सोसायटीच्या खोलीत ताकदीचं काय? नुसत्या प्राणायामाच्या वर्गात दमाचं काय? रोज सकाळी टेकडीवर किंवा बागेत चालत असाल तर छताखालची जागा फक्त ताकदीसाठी लागते, आणि मग आठवड्याचे दोनच दिवस पुरतात. एवढं कळलं की कितीतरी जणांचा जिमचा धसका जातो.

जिम बघायला कधी जाऊ आणि काय बघू?

दुपारी बाराला जाऊ नका. तेव्हा सगळं रिकामं, चकाचक असतं आणि काउंटरवरचा माणूस तुमच्याशीच बोलायला मोकळा असतो. तुम्ही रोज सातला येणार असाल तर सातलाच जा आणि अर्धा तास नुसते उभे राहा.

त्या अर्ध्या तासात पुष्कळ कळतं. बेंचसाठी किती जण ताटकळले आहेत? वजनं परत रॅकवर ठेवली जातात की जमिनीवर पसरलेली असतात? नवखा माणूस चुकीचं करत असेल तर कुणी जाऊन सांगतं का? पन्नाशीचं कुणी दिसतं का? बायका दिसतात का, आणि त्या निवांत वाटतात का? गाण्यांचा आवाज इतका आहे का, की ट्रेनरची सूचना ऐकूच येऊ नये?

मग संडास-बाथरूम बघा. लाज वाटून घेऊ नका, सरळ आत जा. जिथे बाथरूम स्वच्छ तिथे मॅट आणि गाद्याही पुसल्या जातात, हा माझा अनुभव. हा मुद्दा नुसत्या टापटिपीचा नाही. आपल्या दमट हवेत नायटा, गजकर्ण ओल्या मॅटवरून आणि दुसऱ्याच्या टॉवेलवरून सहज पसरतं, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टिरॉइड मिसळलेली मलमं आणून लावली की ते आणखी चिघळतं. स्वतःचा नॅपकिन, शक्य असल्यास स्वतःची मॅट, आणि घरी गेल्यावर लगेच कपडे बदलणं. एवढं केलं तरी बराचसा त्रास टळतो.

शेवटचं म्हणजे बाहेर पडायची वाट. आपल्याकडे कितीतरी जिम तळघरात किंवा दुकानांच्या वरच्या मजल्यावर असतात. दुसरा जिना आहे का, त्याचं दार उघडं आहे की त्याच्यापुढे जुनी सायकल आणि पावडरीचे डबे रचले आहेत, हे डोळ्यांनी पाहा. कुणी चक्कर येऊन पडलं तर काय करता, असंही विचारा. "१०८ला फोन करतो, आणि आमच्या दोघांना छातीवर दाब द्यायचं शिक्षण दिलं आहे," असं उत्तर मिळालं तर जागा चांगली. नुसतं हसून विषय बदलला तर मी तिथे साठीच्या माणसाला पाठवणार नाही.

"वर्षाचे भरा, निम्म्यात पडतं" म्हणतात. भरू का?

पहिल्यांदा जात असाल तर नको. अगदी ठामपणे नको.

समजा वर्षाचे बारा हजार आणि तीन महिन्यांचे पाच हजार. वरवर पाहता वर्षाचं स्वस्त. पण नवीन माणूस बारा हजार भरून चाळीस दिवस गेला तर एका दिवसाला तीनशे रुपये पडले. तीन महिने भरून तेच चाळीस दिवस गेला असता तर सव्वाशे. आधी महिन्याचे भरा, टिकलात तर तीन महिन्यांचे, आणि दोनदा तीन-तीन महिने पार पडले की मग वर्षाचा विचार. तेव्हा मात्र घासाघीस जरूर करा. नेमानं येणारा सभासद त्यांनाही हवा असतो.

मी स्वतः एकदा जानेवारीत वर्षाचे पैसे एकरकमी भरले होते. एप्रिलमध्ये एका सकाळी गेलो तर शटर खाली आणि जागा भाड्यानं देण्याची पाटी. फोन लागेना, पावतीवर मालकाचं नावसुद्धा नव्हतं. पैसे गेले ते गेलेच. त्यापेक्षा वाईट म्हणजे पुढचे सहा महिने मी रागानं कुठेच गेलो नाही. तेव्हापासून जो कुणी विचारतो त्याला पैसे भरण्याआधीच्या या गोष्टी सांगतो.

जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५पासून जिम आणि योगकेंद्रांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा कुणी अजून जुन्या दरानं कर लावत असेल तर तिथेच थांबा. छोट्या, नोंदणी नसलेल्या व्यायामशाळेला जीएसटी घेताच येत नाही. तिथे साधी सही-शिक्क्याची पावती चालेल, पण पावती हवीच. बाळंतपण, शस्त्रक्रिया, बदली, गावाकडचं काही निघालं तर सभासदत्व किती दिवस थांबवता येतं, घरातल्या दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा मुलगा तीन महिन्यांनी दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो. आणि हप्त्यांवर भरायला सांगत असतील तर ते हप्ते जिमचे आहेत की एखाद्या कर्ज देणाऱ्या कंपनीचे, ते नीट वाचा. कर्ज असेल तर जिमला टाळं लागलं तरी वसुलीचे फोन तुम्हाला येत राहतात.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही. मुदत दोन वर्षांची. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही पावती जपून ठेवा.

ट्रेनर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

पहिल्या दिवशी तो तुम्हाला काय विचारतो, त्यावरून. औषधं कुठली चालू आहेत, आधी कुठे दुखापत झाली होती, दिवसभर बसून काम की उभ्यानं, झोप किती, हे विचारणारा ट्रेनर मिळाला तर त्याला धरून ठेवा. "सर, तीन महिन्यांत दहा किलो," हे त्यानं आधी सांगितलं तर समजायचं की तो विकायला बसला आहे.

प्रमाणपत्र जरूर विचारा. शारीरिक शिक्षणातली पदवी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम, योगासाठी आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा, अशा गोष्टींना वजन आहे. पण कागदापेक्षा मी एक साधी गोष्ट बघतो: "हे केल्यावर माझा खांदा दुखतो," म्हटल्यावर तो काय करतो. चांगला ट्रेनर व्यायाम बदलतो किंवा वजन उतरवतो. वाईट ट्रेनर म्हणतो, "दुखणारच, सवय होईल."

माझं वय छप्पन्न. बीपी आहे, साखर आहे, गुडघेही कुरकुरतात. माझ्यासाठी कुठली जागा?

आधी तुमच्या डॉक्टरांना भेटून "मी वजनं उचलणार आहे" हे शब्द वापरून विचारा. नुसतं "व्यायाम करू का" विचारलं की "करा, करा" एवढंच उत्तर मिळतं.

बीपी असेल तर श्वास रोखून जड वजन उचलू नये, तेवढ्यापुरता दाब फार चढतो. उचलताना श्वास सोडायचा. हे सांगणारा माणूस जिथे आहे ती जागा घ्या. इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी पहाटेचा वर्ग धोक्याचा ठरू शकतो. पिशवीत ग्लुकोजची पुडी ठेवा आणि शिकवणाऱ्याला कल्पना द्या. मधुमेहानं पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी व्यायामाच्या जागा टाळा. तालमीची माती, फरशीवरचा योगवर्ग, दोन्हीकडे. खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल, किंवा काचबिंदू असेल, तर डोकं खाली असणारी आसनं आणि जोर लावणं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

गुडघ्यांचं म्हणाल तर ते दुखतात म्हणून ताकदीचा व्यायाम सोडणं हीच चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. मांड्या बळकट झाल्या की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं यापासून सुरुवात करा. लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावरची जिम मात्र नको, उतरताना हाल होतात.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, नेहमीपेक्षा वेगळी धाप: यातलं काहीही झालं की थांबायचं आणि सांगायचं. लाजायचं नाही.

मोठ्या वयात तालमीत जाता येतं का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मी लहानपणी आजोबांचं बोट धरून तालमीतच पहिल्यांदा व्यायाम बघितला. दारात चपला, समोर शेंदूर लावलेला मारुती, आणि हौद्यातल्या तांबड्या मातीचा वास. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळलेली असायची. आत पाऊल टाकण्याआधी आजोबा चिमूटभर माती कपाळाला लावायचे, आणि त्यांचं बघून मीही.

जाता येतं. पण कशासाठी जाता ते स्पष्ट हवं. चाळिशीत कुस्ती धरायला जाऊ नका. मान, खांदे, गुडघे यांना ते झेपत नाही. जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल आणि करेला ही जड लाकडी साधनं फिरवणं, दोरावर चढणं, यासाठी मात्र तालमीसारखी जागा नाही. वस्तादांना पहिल्याच दिवशी वय आणि दुखणी सांगा. खरा वस्ताद तुम्हाला शंभर जोर काढायला लावत नाही. तो पाच काढायला लावतो आणि कंबर कुठे झोल खाते ते बघतो. बैठकांची सवय नसताना एकदम आकडा वाढवला तर चार दिवस जिना उतरता येत नाही, तेव्हा रोज दोन-दोननं वाढवा.

कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं कुस्तीशी जोडलेली आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या आश्रयामुळे तिथे पेठापेठांत तालमी रुजल्या. आज त्यातल्या अनेक तालमी म्हणजे पेठेचं मंडळ, गणेशोत्सव आणि फुटबॉल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावं तिथल्या फुटबॉल संघांनाही आहेत. तेव्हा घराजवळच्या तालमीत प्रत्यक्ष व्यायाम चालतो का, किती वाजता, आणि मोठ्या माणसांना घेतात का, हे जाऊनच विचारावं लागतं.

अडचणीही सांगतो. वेळ पहाटेची, अनेकदा पाच-साडेपाचची. बायकांना बऱ्याच जुन्या तालमींत अजूनही प्रवेश नाही, आणि मला ते पटत नाही. हवा खेळती असेल तर ठीक, नाहीतर पावसाळ्यात माती ओलसर राहते.

मंडळांच्या आणि महापालिकेच्या व्यायामशाळांचं काय? तिथे जाणं कमीपणाचं वाटतं.

हा कमीपणा सोडा. महाराष्ट्रात मध्यमवर्गाला व्यायामाची गोडी लावली ती अशाच संस्थांनी. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं, मुंबईत दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं. अमरावतीच्या चमूनं तर १९३६मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे मल्लखांबासह भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले होते. तुमच्या शहरात इतकी मोठी नसली तरी एखादी जुनी संस्था नक्की असेल. फी सहसा खासगी जिमपेक्षा कमी, आणि काही ठिकाणी तिसऱ्या पिढीचे सभासद येतात.

महापालिकांच्या व्यायामशाळा आणि क्रीडासंकुलं यांच्यात मात्र डावं-उजवं फार. मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलासारखी मोठी ठिकाणं आहेत, आणि वॉर्डातली एखादी खोली अशीही असते जिथे केबल तुटलेलं यंत्र वर्षभर तसंच पडून आहे. चालवतं कोण, ते विचारा. जागा पालिकेची असली तरी चालवायला एखाद्या संस्थेकडे दिलेली असते. ती संस्था जागी असेल तर सगळं ठीक चालतं. तुटलेलं यंत्र दिसलं तर वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आमच्या इथली एक केबल अशीच बदलून मिळाली.

सोसायटीत फुकट जिम आहे, पण कुणीच जात नाही. जाऊ का?

जा, आणि एकाला बरोबर घ्या. चालायची अडचण इथे शून्य, म्हणजे सगळ्यात मोठी अडचण संपली. उरतो एकटेपणा आणि देखभाल. यंत्रांची वर्षाची देखभाल कुणाकडे आहे, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विचारा. छातीवर बार घेऊन करायचा व्यायाम एकट्यानं करू नका. डंबेल्स वापरा, नाही उचलले गेले तर बाजूला सोडता येतात.

बायकांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळी जिम चांगली का?

ज्या बाईला तिथे निवांत वाटतं तिच्यासाठी चांगली. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांच्या पाहणीनुसार भारतात पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्यांचं प्रमाण बायकांत सुमारे ५७ टक्के आणि पुरुषांत सुमारे ४२ टक्के आहे. हा फरक आळसाचा आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरातच बघतो. माझी वेळ ठरलेली असते. बायकोची वेळ डबे, सासूबाईंची औषधं, मुलीचा क्लास यांतून उरली तर असते. आम्ही शेवटी असं ठरवलं की सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळचे डबे माझ्याकडे. तिची जिम सुरू झाली ती त्या दिवसापासून, जागा बदलल्यामुळे नव्हे.

जागेबद्दल तिचे आणि वहिनीचे मुद्दे असे. परतीचा रस्ता उजेडाचा हवा. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी हवी. स्पर्श करून आसन किंवा व्यायाम सुधारण्याआधी शिकवणाऱ्यानं विचारायला हवं. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना कुणीतरी अडवायला हवं. आणि "मॅडम, तुम्हाला वजनं नकोत, तुम्ही सायकल करा," असं म्हणणारा ट्रेनर नको. पाळी थांबल्यानंतर हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात, आणि त्यांना भार लागतो. वजनांची गरज खरं तर तेव्हाच जास्त.

बाळंतपणानंतर डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावरच सुरुवात, आणि खोकताना-उड्या मारताना लघवीचा थेंब सुटत असेल तर ते सांगायला संकोच करू नका. त्यावर फिजिओथेरपिस्टकडे वेगळे व्यायाम असतात.

योगवर्ग निवडताना काय बघू?

महाराष्ट्र याबाबतीत नशीबवान आहे. मुंबईची योग इन्स्टिट्यूट १९१८ची, लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये सुरू केलेलं, आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ची. या परंपरांत शिकलेले शिक्षक आता बऱ्याच शहरांत भेटतात.

अंग ताठर असेल तर मी अय्यंगार पद्धतीचा वर्ग सुचवतो. पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या यांचा आधार घेऊन ज्याला जेवढं जमतं तेवढ्यातच आसन नेमकं करून घेतात. माझा हात पायाच्या अंगठ्याला आजही पोचत नाही, पट्टा पोचतो. एका वर्गात चाळीस माणसं आणि एकच शिक्षक मंचावर, असा वर्ग नवख्यानं टाळावा. आणि योगानं अमुक रोग कायमचा जातो, औषधं सोडा, असं कुणी म्हणालं तर तो वर्ग त्याच दिवशी सोडा.

एसी हवा का?

एसी नको, हवा खेळती हवी. खिडक्या बंद करून वीस जण धापा टाकत असलेली खोली मला नकोशी वाटते. कोकणपट्टीत आणि मुंबईत घाम वाळत नाही, तिथे मोठे पंखे तरी हवेतच. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात बाहेरची हवा खराब असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर निर्देशांक २०१च्या पुढे म्हणजे "खराब" दिसला तर पळणं, चालणं त्या दिवशी आत आणलेलं बरं. रस्त्याकडेच्या जिमची खिडकी मात्र अशा दिवशी उपयोगाची नाही.

घरीच करायचं ठरवलं तर किती जागा लागते? ट्रेडमिल घेऊ का?

एक मॅट पसरून चारी बाजूंना हात फिरेल एवढी. साधारण सात फूट बाय पाच फूट. वर पंखा आहे हे विसरू नका, मुद्गल फिरवणार असाल तर नक्कीच नाही.

सूर्यनमस्काराला याहून कमी जागा पुरते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानात आणि बाहेर सूर्यनमस्कारांचा जो हिरिरीनं प्रसार केला, त्यात हेच होतं: साधन लागत नाही, खर्च नाही, घरातल्या घरात होतं. त्याला खेचण्याच्या व्यायामाची जोड द्या, कारण नमस्कारात ढकलणं आहे, ओढणं नाही. एक रबरी पट्टा दाराच्या भक्कम कडीला, नाहीतर बादलीत पाणी भरून एका हातानं ओढणं. दोन डंबेल्स, एक न डगमगणारी खुर्ची. झालं.

ट्रेडमिल सहसा घेऊ नका असंच सांगतो. जागा खातो, मागे निदान सहा फूट मोकळं ठेवावं लागतं, खालच्या मजल्यावर धडधड ऐकू जाते, आणि आतला पट्टा लहान मुलांच्या बोटांना इजा करतो. घरात लहान मूल असेल आणि ट्रेडमिल असेलच, तर त्याची सुरक्षा-किल्ली काढून कपाटात ठेवा.

घरचा खरा त्रास वेगळाच. मॅट पसरली की दारावर बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, कुणीतरी हाक मारतं. मार्च २०२०मध्ये जिम बंद झाल्या, आपल्याकडे त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२०ला उघडल्या. ते सात महिने मी घरी व्यायाम केला. जमला तो एका कारणामुळे: वेळ आणि कोपरा ठरलेला होता, आणि त्या चाळीस मिनिटांत मला हाक मारायची नाही हे घरच्यांनी मान्य केलं होतं.

बॅडमिंटन हॉल चालेल का?

दमासाठी उत्तम, आणि ठरलेले चार गडी तुम्हाला घरातून ओढून नेतात. पण वजन कमी करायला बॅडमिंटन सुरू केलं आणि पोटरी किंवा टाच दुखावून बसले, अशी उदाहरणं मला बरीच माहीत आहेत. आधी दोन महिने पायांची ताकद कमवा. हॉलचं मैदान लाकडी किंवा सिंथेटिक मॅटचं असावं, नुसत्या कोब्यावर खेळू नका.

जिममध्ये प्रोटीन पावडर घ्या म्हणून मागे लागतात.

घ्यायलाच हवी असं नाही. घ्यायची झाली तर डब्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा आणि बिल घ्या. लेबल नसलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनचा विषय निघाला तर ती जागाच सोडा.

सगळे विशीतले आणि पिळदार. मला आत शिरायलाच लाज वाटते.

वेळ बदला. सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी चार-पाचला बघा, त्या वेळेत निवृत्त माणसं, गृहिणी, पाळीवाले कामगार असतात. आमच्याकडे एक काका एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा आले. पहिला आठवडा फक्त खुर्चीवरून उठले-बसले. आज ते दोन्ही हातांत दहा-दहा किलो घेऊन चालतात आणि नवीन पोरांना रॅकवर वजनं परत ठेवायला लावतात.

चार महिने गेलो आणि मग सुटलं. त्याच जागी परत जाऊ की बदलू?

कुठल्या दिवशी सुटलं ते आठवा. लग्न, आजारपण, मार्चअखेरची कामं यामुळे सुटलं असेल तर जागेचा दोष नाही, तिथेच जा. जायच्या आदल्या रात्रीपासूनच टाळावंसं वाटत होतं, गर्दीचा वैताग येत होता, तिथल्या कुणाचं बोलणं लागत होतं, किंवा चाळीस मिनिटं रस्त्यातच जात होती, तर बदला, आणि बदलताना फक्त तेवढी एक गोष्ट सुधारा.

परत गेल्यावर पहिला आठवडा जुन्या वजनाच्या निम्म्यानं करा. दुसऱ्या दिवशी अंग आंबेल, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. पण दुखणं वाढतच गेलं, स्नायू सुजले आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.